गॅस गिझर बसवायचाय: एकाचे १,८००, दुसऱ्याचे ४,५००, तिसऱ्याचे ७,२००. खरा भाव कोणता?

रानजाई | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. सिंहगड रस्त्याला राहते, टू बीएचके, पाच मजली इमारत, आम्ही सगळ्यात वर. गेल्या महिन्यात सोसायटीत पाइपचा गॅस आला. बाथरूममधला विजेचा गिझर १५ लिटरचा, तो आता खालून गळतोय. शिवाय घरात सहा जण, चौथ्याच्या वाट्याला कोमट आणि सहाव्याच्या वाट्याला गंगोत्री. म्हणून ठरवलं की गॅस गिझर घ्यायचा, मिनिटाला ६ लिटरचा, आणि ड्राय बाल्कनीत लावायचा. गिझर अजून आणलेला नाही.

लावायचे किती घेणार म्हणून तिघांना विचारलं. पहिला आमच्या सोसायटीचा नेहमीचा प्लंबर. तो फोनवरच म्हणाला, "ताई, अठराशे द्या, रविवारी लावून टाकतो." दुसरा घरी आला, टेप लावून मापं घेतली आणि मटेरियल धरून ४,५०० सांगितले. तिसरा गिझरच्या दुकानदाराने पाठवलेला. त्याचे ७,२००, वर "पक्कं बिल हवं तर १८ टक्के जीएसटी वेगळा."

चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण कोणी टोपी घालू नये. नवरा म्हणतो मधला धर आणि मोकळी हो. तुमच्याकडे काय भाव चाललाय?

नाक्यावरचा | सोमवार, रात्री ९:५८

४,५०० वाल्याला ३,५०० म्हणा, ४,००० ला येईल. विषय संपला.

सदाफुली | सोमवार, रात्री १०:१५

आमच्याकडे पिंपळे सौदागरला तीन वर्षांपूर्वी १,२०० घेतले होते. पण तो सिलिंडरवरचा होता आणि जुन्या गिझरच्या जागीच लावला. तुमचं प्रकरण वेगळं दिसतंय.

पान्हा_नंबर_१२ | सोमवार, रात्री ११:०५

रानजाई, भाव राहू द्या बाजूला. त्या तिघांनी काय काय करायचं कबूल केलंय ते लिहा.

रानजाई | सोमवार, रात्री ११:१२

काय काय म्हणजे? गिझर लावायचा. :)

पान्हा_नंबर_१२ | मंगळवार, सकाळी ६:५०

तिथेच तर गोम आहे. रात्री झोप आली होती, आता चहा घेता घेता सविस्तर लिहितो. माझा धंदाच हा आहे, आधी गॅस एजन्सीकडे मेकॅनिक होतो, आता स्वतःची कामं घेतो. पुण्यात नाही, त्यामुळे ओळखपाळख लावतोय असं कोणी समजू नये.

तुम्हाला जे एक काम वाटतंय ती तीन कामं आहेत. पहिलं पाण्याचं. ड्राय बाल्कनीतून बाथरूमपर्यंत गरम पाण्याची लाइन न्यायची आहे. ती उघडी भिंतीवरून जाणार की भिंत फोडून आत, सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप) किती फूट, किती एल्बो (वळणाचे जोड), टाइल फुटली तर कोण बसवणार? दुसरं गॅसचं. स्वयंपाकघरातल्या पॉइंटवरून गिझरपर्यंत गॅसची लाइन आणि त्याला स्वतःचा कॉक. तिसरं धुराड्याचं. गिझरच्या डोक्यावरून पाइप थेट इमारतीबाहेर निघायला हवा, त्याला भिंतीत किंवा काचेत भोक लागतं.

अठराशेवाल्याने जागा न बघता भाव दिला, म्हणजे त्याने या तीनपैकी बहुधा एकच धरलंय. गिझर खिळ्याला टांगायचा आणि दोन कनेक्शन पाइप जोडायचे. बाकीचं रविवारी तुमच्या दारात उभं राहून सांगेल, "ताई, एल्बो लागतील, पाइप लागेल, ग्राइंडर आणावा लागेल." संध्याकाळी तो अठराशेचा आकडा कुठे गेला ते तुम्हालाच शोधावं लागेल.

आता गिझर घ्यायच्या आधीचं. तुम्ही वरच्या मजल्यावर आहात ना? गॅस गिझर पाण्याच्या दाबावर पेटतो. पाणी पुरेशा जोराने आलं तरच आतला पडदा ढकलला जातो आणि गॅस उघडतो. टाकीच्या पाण्याची पातळी गिझरच्या जितके मीटर वर, तितका दाब, मीटरला साधारण ०.१ बार (बार हे दाबाचं माप). टाकी तुमच्याच गच्चीवर असेल तर अडीच-तीन मीटर मिळतील, म्हणजे पाव बारच्या आसपास, त्यातलाही थोडा पाइपात जातो. जो मॉडेल घ्याल त्याच्या पुस्तिकेत किमान दाब छापलेला असतो, तो आधी वाचा. मी स्वतः अशा घरांत गेलोय जिथे गिझर झकास लावलेला, पण पेटतच नाही, आणि मग पाच-सहा हजारांचा प्रेशर पंप गळ्यात.

दुसरं, गिझर पीएनजीचा, म्हणजे पाइपच्या गॅसचा, म्हणून बनवलेलाच मागा. सिलिंडरचा आणून "जेट (गॅस सोडणारी बारीक तोटी) बदलून देतो" म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. पाइपच्या गॅसचा दाब सिलिंडरच्या रेग्युलेटरपेक्षा कमी असतो आणि तेवढ्याच घनफळात उष्णताही निम्म्याहून कमी, म्हणून बर्नरची सगळी मापं वेगळी. शेगडीचे जेट गॅसवाले बदलून देतात ते ठीक, गिझर म्हणजे शेगडी नव्हे.

नाक्यावरचा | मंगळवार, सकाळी ९:३०

पान्हाराव, एवढी लाइनच ओढायची कशाला? जुना गिझर काढून त्याच जागी बाथरूममध्ये नवा लावा. गरम पाण्याची लाइन आयती आहे. सदाफुलींचा १,२०० चा भाव परत मिळेल.

तांब्याचा_बंब | मंगळवार, दुपारी १:२०

नाक्यावरचे, एरवी तुमच्या सल्ल्यावर हसून पुढे जातो. आज नाही.

हिशेब मांडतो. ६ लिटरचा गिझर मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवतो असं धरा. म्हणजे मिनिटाला १५० किलोकॅलरी, तासाला ९,०००. थोडी उष्णता धुरात जाते, तेव्हा जाळावी लागते ती साडेदहा-अकरा हजारांची. घरच्या शेगडीचे मोठे पाच-सहा बर्नर एकदम फुल्ल पेटवले तर होईल तेवढं. त्यासाठी तासाला सव्वा घनमीटर गॅस आणि तो नीट जळायला बारा घनमीटरच्या आसपास हवा.

आता पाच बाय सात फुटांचं, नऊ फूट उंच बाथरूम घ्या. आत हवा मावते ९ घनमीटर. दार बंद, खिडकी थंडी म्हणून बंद. त्या अख्ख्या खोलीतली हवा पाऊण तासात संपेल एवढी भूक या पेटीला आहे. आणि पाऊण तास लागतच नाही. प्राणवायू थोडा उतरला, की ज्योत अर्धवट जळायला लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. याला ना रंग, ना वास. गॅसला जो कुजका वास असतो तो मुद्दाम मिसळलेला असतो आणि जळताना तो जळून जातो, तेव्हा नाकावर भरवसा ठेवू नका. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूच्या दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. माणसाला आधी गरगरतं, मग हातपाय हलत नाहीत, कडी काढायची म्हटलं तरी उठवत नाही. दर हिवाळ्यात पेपरात अशी बातमी येते. एका पाठोपाठ एक आंघोळ करणाऱ्या घरात दुसऱ्या-तिसऱ्याला धोका जास्त, कारण पहिल्याने हवा वापरलेली असते.

एक्झॉस्ट फॅन आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. दारं बंद असताना फॅन बाहेर हवा फेकतो, तेवढी हवा कुठून तरी आत यायला हवी, आणि कधी कधी ती धुराड्यातूनच येते, धूर घेऊन.

रानजाईंना एकच विचारतो, ड्राय बाल्कनीला सरकत्या काचा लावून घेतल्यात का?

रानजाई | मंगळवार, दुपारी २:०५

हो. :( कबुतरांमुळे. सगळ्यांनीच लावल्यात.

तांब्याचा_बंब | मंगळवार, दुपारी २:३०

मग ती बाल्कनी नाही, ती खोली झाली. धुराड्याचं तोंड काचेच्या बाहेर निघालं पाहिजे, आत नव्हे. आणि हवा आत यायला कायमची उघडी जागा ठेवा, तिथे कबुतरांची जाळी लावा. एक पल्ला जाळीचा केला तरी भागेल. तो खर्चही यादीत धरा.

स्लाऊकर | मंगळवार, संध्याकाळी ७:४५

इंग्लंडातली गंमत सांगतो. इथे गॅसला हात लावणारा माणूस गॅस सेफ रजिस्टरवर असावाच लागतो, कायद्यानेच. पूर्वी कॉर्गी नावाची नोंदणी होती, २००९ पासून गॅस सेफ. प्रत्येकाकडे फोटोचं कार्ड असतं. लोक पुढची बाजू बघतात आणि सोडून देतात. खरी माहिती मागच्या बाजूला: हा माणूस बॉयलर (घर आणि पाणी तापवणारं यंत्र) लावू शकतो की फक्त शेगडी, ते तिथे लिहिलेलं असतं.

मागच्या वर्षी बॉयलर बदलला तेव्हा तीन कोटेशन घेतली, १,९०० पाउंडांपासून ३,४०० पर्यंत. मला वाटलं महागवाला लुटतोय. तिन्ही कागद शेजारी ठेवले तर स्वस्तातल्यात जुना बॉयलर उचलून नेणं नव्हतं, पाइप धुऊन काढणं नव्हतं, आणि वॉरंटी दोन वर्षांची. महागातल्यात दहा वर्षांची. म्हणजे सगळे कार्डवाले असून, कायदा पाठीशी असूनही भाव एक होत नाहीत. आपण एकच गोष्ट विचारली असेल तरच उत्तरं शेजारी ठेवता येतात.

इथे आणखी एक पाळतात. आकडा 'कोट' म्हणून दिलाय की 'एस्टिमेट' म्हणून, ते विचारून घ्यायचं. कोट म्हणजे ठरला तो आकडा, एस्टिमेट म्हणजे अंदाज. आपल्याकडे दोन्हीला 'कोटेशन'च म्हणतात आणि मग भांडणं होतात.

नाशिकचा_काका | मंगळवार, रात्री ८:३०

थोडं अवांतर, पण फसवणुकीचा विषय निघालाच आहे म्हणून. दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे दोघे आले. गळ्यात ओळखपत्र, हातात पावतीपुस्तक. "गॅसकडून आलोय, पाच वर्षांची सक्तीची तपासणी आहे." आई एकटी घरी. त्यांनी चांगली नळी कापली, नवी लावली, रेग्युलेटरपाशी एक चकती बसवली, 'सेफ्टी डिव्हाइस' म्हणे, आणि १,४५० घेऊन गेले. पावतीवर गॅस एजन्सीचं नावच नाही.

तपासणी पाच वर्षांनी होते हे खरं, म्हणूनच लोक फसतात. एजन्सीला फोन केला तर त्यांनी कोणाला पाठवलंच नव्हतं. आता आईच्या फोनशेजारी एजन्सीचा नंबर मोठ्या अक्षरात चिकटवलाय, दार उघडायच्या आधी तिथे विचारायचं. केशरी सुरक्षा नळीवर आयएस ९५७३ आणि तारीख छापलेली असते, पाच वर्षं झाली की बदलायची, ती एजन्सीतूनच घ्या. आणि सिलिंडर गळत असेल तर १९०६, हा नंबर चोवीस तास चालतो.

वाटाणा | मंगळवार, रात्री ९:१०

वाखूसा (वाचनखूण साठवली). पान्हाभाऊ, आमच्यासारख्या अडाण्यांसाठी तिघांना पाठवायला एक मेसेजच लिहून द्या ना.

पान्हा_नंबर_१२ | मंगळवार, रात्री १०:४०

घ्या. नावं-मापं आपापली घाला आणि तिघांनाही हाच, शब्दाचा फरक न करता पाठवा:

"गिझर ६ लिटर, पीएनजीचा, मी आणून देणार. जागा ड्राय बाल्कनी, तिथून बाथरूम अंदाजे २८ फूट. गरम पाण्याची लाइन सीपीव्हीसी, उघडी, क्लॅम्प लावून, वरून इन्सुलेशन. गार पाण्याला आणि गरम पाण्याला वेगळे कॉक. धुराडं काचेबाहेर, भोक पाडणं तुमच्याकडे. गॅसची लाइन कंपनीकडून होणार, ती धरू नका. मजुरी किती, मटेरियल किती, मटेरियल कोणत्या कंपनीचं, ते वेगळं लिहा. काम किती दिवसांत, पाणी गळालं तर किती दिवस फुकट याल, तेही लिहा."

जो उत्तरात आकडे सुटे करून लिहील त्याच्याशी बोला. "होऊन जाईल हो ताई, काळजी करू नका" एवढंच लिहिणाऱ्याची काळजी करा.

गॅसच्या लाइनीचं मुद्दाम लिहिलंय. पाइप गॅसमध्ये मीटरपासूनच्या लाइनीला परस्पर हात लावायचा नसतो. वाढीव पॉइंट हवा तर गॅस कंपनीला अर्ज करा. मीटरच्या पुढच्या, घरातल्या कामाचं त्यांचं दरपत्रक असतं, ते आपला कंत्राटदार पाठवतात, काम झाल्यावर दाब लावून तपासतात आणि पावती देतात. उशीर होतो, कटकट होते, मान्य. पण तिथे घासाघीस नाही आणि फसवणूकही नाही.

आता आमच्या बाजूचंही ऐका. लोक फुकट बोलावतात, मी तासभर मापं घेतो, कागदावर लिहून देतो, आणि तोच कागद दुसऱ्याला दाखवून "हा एवढे म्हणतो, तू किती?" असं विचारतात. तो ३०० कमी करतो आणि क्लॅम्प तीन फुटांऐवजी सहा फुटांवर ठोकतो. म्हणून हल्ली मी बघायला यायचे २०० घेतो, काम दिलं तर वळते करतो. कोणी व्हिजिटचे पैसे मागितले म्हणून लगेच चोर समजू नका. फोनवर फुकट सांगितलेला भाव तेवढ्याच किमतीचा असतो.

हिशेबनीस | बुधवार, सकाळी ११:००

जीएसटीबद्दल एक. "बिल हवं तर १८ टक्के वेगळे" म्हणणाऱ्याला जीएसटी नंबर विचारा आणि सरकारी पोर्टलवर टाकून बघा, मिनिटाचं काम. ज्याची नोंदणी नाही त्याला जीएसटी घेताच येत नाही. छोट्या प्लंबरची वर्षाची उलाढाल २० लाखांखाली असेल तर त्याला नोंदणी लागतही नाही, त्यात त्याचं काही चुकत नाही. त्याच्याकडून साधी सही केलेली पावती घ्या, तारीख आणि कामाचं वर्णन घालून. उद्या तक्रारीची वेळ आली, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वाले पहिल्यांदा हेच विचारतील.

रानजाई | गुरुवार, रात्री ९:२५

मेसेज तिघांना पाठवला. ऐका आता.

अठराशेवाल्याने आधी अंगठा पाठवला. मग फोन करून म्हणाला, "धुराडं कशाला, बाल्कनी उघडी तर आहे. गॅसचं मी किचनमधून टी मारून (फाटा काढून) रबरी नळी ओढतो, दोन तासांचं काम." पीएनजीचा गिझर वेगळा येतो हे त्याला ठाऊक नव्हतं. माणूस वाईट नाही हो, नळ-फ्लश झकास करतो. पण यातलं त्याचं काम नाही.

४,५०० वाल्याने पानभर लिहून पाठवलं. मजुरी १,९००, पाइप-फिटिंग-इन्सुलेशन २,१००, धुराड्याचा पाइप आणि काचेतलं भोक ५००. गॅसची लाइन त्याने आधीपासूनच धरलेली नव्हती, "ती कंपनीच करते मॅडम." हे पहिल्या दिवशी मी विचारलंच नव्हतं!

७,२०० वाल्याच्या आकड्यात गॅसची लाइनही होती, तांब्याची, स्वतःच टाकणार. "कंपनीत आपली ओळख आहे, अर्जबिर्ज लागत नाही." जीएसटी नंबर विचारला तर म्हणे दुकानाच्या बिलात घालून देतो.

गॅस कंपनीत चौकशी केली. त्यांची लाइन आणि वाढीव पॉइंट मिळून माझ्या मापाने अडीच हजारांच्या आसपास जातील, दोन आठवडे थांबावं लागेल. म्हणजे ४,५०० अधिक अडीच, झाले सात! तीन भाव नव्हतेच, तीन वेगळी कामं होती. नवऱ्याचा 'मधला' हा मधला नव्हताच.

नाक्यावरचा | गुरुवार, रात्री ९:४४

बाथरूमबद्दलचा सल्ला मागे घेतो. बंबरावांचा हिशेब बायकोने वाचला, आमच्या बाथरूममधला गिझर आजपासून बंद. पण त्या भोकाचे ५०० जास्त आहेत, ३०० म्हणा.

पान्हा_नंबर_१२ | गुरुवार, रात्री १०:३०

काचेत भोक पाडताना काच तडकली तर ती कोणाची, हे आधी ठरवा. मग ५०० स्वस्त वाटतील. :)

पैसे देताना मटेरियलचे आधी, मजुरी गिझर पेटवून, बाथरूममध्ये गरम पाणी आल्यावर. पूर्ण आगाऊ नको, आणि काम नीट झाल्यावर उगाच आठवडाभर अडवूही नका.

गॅस जोडल्यावर जोडांना साबणाचा फेस लावून तुमच्यासमोर बघायला सांगा. काडी पेटवून बघणारा दिसला तर घराबाहेर काढा. आणि एक फुकटची तपासणी: रात्री झोपताना शेगडी-गिझर बंद करून मीटरचा फोटो काढा, पण मीटरजवळचा कॉक उघडाच ठेवा. सकाळी चहाआधी परत फोटो. शेवटचा आकडाही हलता कामा नये.

सदाफुली | शुक्रवार, सकाळी १०:१०

एक शंका. २८ फूट लांब लाइन म्हणजे गरम पाणी यायच्या आधी बादलीभर पाणी वाया जाईल ना?

तांब्याचा_बंब | शुक्रवार, सकाळी ११:३५

नाही जात. अर्ध्या इंची सीपीव्हीसीत मीटरला सव्वाशे मिलिलिटरच्या आत पाणी मावतं. साडेआठ मीटरला लिटरभर. पाइप तापेपर्यंत आणखी थोडं. दोन-तीन तांबे, ते गार पाण्याच्या बादलीत घ्या.

रानजाई | तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी १२:१५

झालं एकदाचं! गॅस कंपनीची माणसं सांगितल्यापेक्षा चार दिवस उशिरा आली, पण दाब लावून, फेस लावून, सही घेऊन गेली. ४,५०० वाल्या प्लंबरने काम दीड दिवसात केलं. काच तडकली नाही. गिझर ०.२ बारवर चालणारा शोधून घेतला, त्यासाठी तीन दुकानं पालथी घातली. एका दुकानदाराला किमान दाब विचारला तर तो म्हणाला, "मॅडम, हे आजवर कोणी विचारलं नाही."

एक घोळ झाला. पहिल्या दोन दिवशी सकाळी सात वाजता गिझर मध्येच विझायचा, दुपारी मात्र मस्त. सगळी इमारत एकदम पाणी वापरते तेव्हा आमचा दाब पडतो. प्लंबरला फोन केला, संध्याकाळी आला. गार पाण्याचा कॉक बदलून पूर्ण भोकाचा बॉल व्हॉल्व्ह टाकला, गिझरच्या तोंडची जाळी काढली तर त्यात टाकीतला गाळ. मजुरी घेतली नाही, "लिहून दिलंय ना तीस दिवस." व्हॉल्व्हचे २८० दिले. आता सहावी आंघोळही गरम पाण्याने होते. जाळीचा पल्ला पुढच्या आठवड्यात बसेल, तोवर काच उघडी आणि कबुतरं आत.

मीटरचे फोटो काढले. आकडा हलला नाही.

जुना गिझर भंगारवाला २५० ला मागतोय. देऊ का?

नाक्यावरचा | रविवार, दुपारी १२:१८

४०० म्हणा, ३०० ला येईल.